वालाच्या मुळावरच्या गाठी

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही उठू नका, कारण गोष्ट लहानांची वाटली तरी तिच्यातली चूक मोठ्यांनीच केलेली आहे.

दोन डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. पावसाळ्यात तिथे भात पिकायचं आणि भात कापलं की उरलेल्या ओलीवर वाल पेरला जायचा. भाताने पोट भरायचं, पण अंगात बळ यायचं ते वालाने. बाळंतिणीला वालाचं कढण, रांगत्या मुलाला कुस्करलेला वाल, दात पडलेल्या म्हाताऱ्याला सोललेल्या वालाचं मऊ बिरडं. शेंगा काढून झाल्या की वेल विळ्याने जमिनीलगत कापायचे आणि गुरांना घालायचे. मुळं जमिनीतच राहायची. ती कशी दिसतात हे त्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

या गावात ठकूआक्का नावाची वैदीण होती. तिच्या हाताला गुण होता. मोडलेलं हाड ती बसवायची, अडलेली बाळंतीण सोडवायची, आणि रडणाऱ्या पोराला अशी काही दटावायची की ते रडायचं विसरून तिच्याकडे बघत बसायचं.

एका वर्षी गावात गाठीचा ताप आला. काखेत, जांघेत नाहीतर मानेवर गाठ उठायची आणि तिसऱ्या दिवशी माणूस जायचं. आक्काची कुठलीही मुळी, कुठलाही लेप चालेना. तेव्हा तिने एक कठोर नियम घातला. ज्याच्या अंगावर गाठ दिसेल त्याने गावाची शीव ओलांडायची आणि पलीकडच्या झोपडीत राहायचं. त्याच्या अंथरुणाचं, कपड्याचं सगळं जाळून टाकायचं.

पुढच्याच आठवड्यात आक्काच्या एकुलत्या एक लेकीच्या मानेवर गाठ उठली.

गाव आक्काकडे बघत राहिलं. आक्काने लेकीच्या कडेवरची तान्ही मुलगी काढून घेतली, सुनेला माहेरच्या वाटेला लावतात तशी चार पावलं पुढे चालून लेकीला शिवेपर्यंत पोचवलं आणि तिथेच थांबली. लेक मागे वळून एवढंच म्हणाली, "आये, दूध नसलं तर तिला वालाचं पाणी पाज."

ताप ओसरला. उरलेलं गाव त्या नियमामुळेच वाचलं असं सगळे म्हणत, आणि ते खरंही होतं. त्या दिवसापासून आक्काचा शब्द गावात शेवटचा ठरला. पण त्या दिवसापासून आक्काचा हातही बदलला. नातीला जवळ घेतलं की तो आधी तिची मान चाचपायचा, मगच डोक्यावरून फिरायचा. नातीचं नाव आवडी. तिला वाटायचं, सगळ्या आज्या माया करताना अशीच मान चाचपतात.

आवडी पाच वर्षांची झाली त्या हिवाळ्यात गावात साळू नावाची नवी सून आली. तिचं माहेर डोंगरापलीकडचं. एका सकाळी बायका वालात निंदणी करत होत्या. साळूने मधलंच एक चांगलं, हिरवंगार रोप मुळासकट उपटलं.

"अगं बये!" तिची सासू ओरडली. "तण कुठलं आणि वाल कुठला हेही शिकवलं नाही का आईनं?"

"उद्या भात शिजला का बघायला पातेलं पालथं घालेल ही," दुसरी म्हणाली, आणि बायका खदखदून हसल्या.

साळूही हसली. "आमच्याकडे पेरणीनंतर महिन्याभराने एक रोप उपटून बघतात," ती म्हणाली. "मुळाला गाठी भरल्या असल्या तर वावराला हळदकुंकू वाहतात. हे बघा, केवढ्या भरल्यात!"

तिने मुळं झटकली. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी होत्या.

बायकांचं हसू थांबलं.

"आणि नुसत्या गाठी बघून भागत नाही," साळू उत्साहाने सांगू लागली. "फोडून बघायची. आत पांढरी निघाली तर रिकामी. लाल निघाली तर वावर जिवंत." तिने एक गाठ नखाने फोडली. तिच्या नखावर लालसर पाणी उतरलं.

एक बाई किंचाळली. बाकीच्या विळे टाकून गावाकडे पळत सुटल्या. साळू हातात रोप घेऊन तशीच उभी राहिली. तिला वाटलं, साप निघाला.

दुपारी पारावर गाव जमलं. पाटलांनी रोप हातात घेतलं नाही, लांबूनच पाहिलं. आक्काने मात्र जवळ जाऊन पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"गाठी," ती म्हणाली. "आणि आत रक्त."

"आक्का, रोग नाही हो तो," साळू म्हणाली. "रोगट रोप असं दिसतं का? पानं बघा किती हिरवी आहेत."

"माझी लेकही आदल्या दिवशी जात्यावर गात होती," आक्का म्हणाली.

साळू हळूच म्हणाली, "माझे आजोबा सांगायचे, या गाठींत बारीक जीव राहतात. डोळ्यांना न दिसणारे. झाड त्यांना घर देतं, ते झाडाला जेवण देतात. मला याहून जास्त माहीत नाही आक्का, पण आमच्याकडे गाठी भरतात आणि पोरं दांडगी होतात, एवढं मी पाहिलंय."

"डोळ्यांना न दिसणारे," आक्का पुन्हा म्हणाली. "तापही डोळ्यांना दिसला नव्हता, पोरी."

मुलांनो, इथे आक्काला दुष्ट समजू नका. तिने एकदा डोळे मिटून, काळजावर दगड ठेवून एक गोष्ट केली होती आणि त्यामुळे गाव वाचलं होतं. ज्या गोष्टीने एकदा वाचवलं तीच प्रत्येक वेळी वाचवेल, असं तिला वाटलं. दुखावलेल्या माणसाला असंच वाटतं.

आक्काने निकाल दिला. उभा वाल मुळासकट उपटून जाळायचा. मग सगळी जमीन भाजायची. गावात राब भाजायची रीत होतीच. भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून ते पेटवत असत. पण तो राब एका वाफ्यापुरता असे. आजूबाजूच्या गार मातीतून जीव पुन्हा त्या वाफ्यात सरपटत येत. आता मात्र बांधापासून बांधापर्यंत सगळी वावरं भाजायची होती. आणि बाहेरचा वाल गावात येऊ द्यायचा नाही, शीव ओलांडणाऱ्याने पाय धुऊनच आत यायचं, बैलांचे खूरसुद्धा धुवायचे.

"आणि हिच्या नखाला ते रक्त लागलंय," सासू म्हणाली.

साळूला शीव ओलांडावी लागली. तिचा नवरा मान खाली घालून उभा राहिला. पुढे महिन्याभराने तोही बैल भावाच्या दावणीला बांधून तिच्या मागे निघून गेला. त्या दिवशी शीव ओलांडण्याआधी साळू आक्काच्या पाया पडली आणि म्हणाली, "एक वावर राखा आक्का. डोंगराच्या कडेचं, कुणी फिरकत नाही ते. नियम मोडू नका, विसरून जा फक्त."

आक्काने क्षणभर डोंगराच्या कडेकडे पाहिलं. मग तिची नजर आवडीवर गेली. आवडी पाराच्या कठड्यावर बसून पाय हलवत होती. तिची लहानशी मान उन्हात चमकत होती.

"नाही," आक्का म्हणाली.

चैत्रात वावरं पेटली. दिवसामागून दिवस धूर दरीत साचून राहिला. आक्का स्वतः कोयता घेऊन पाला टाकत फिरत होती. डोंगराच्या कडेच्या वावरात तिच्या पायाशी एक म्हातारं गांडूळ वर आलं. त्याचं अर्धं अंग पोळलं होतं.

"बाई, एवढं वावर सोडा," ते म्हणालं. त्या काळी गांडुळं बोलत. ऐकणारे तेव्हाही थोडेच होते.

"बाजूला हो. भाजशील," आक्का म्हणाली.

"मी भाजलोच आहे. मी माझ्यासाठी आलो नाही. खाली माझे सोयरे आहेत. तीळभर मातीत, तुमच्या अख्ख्या गावात माणसं नसतील एवढे. ते वाऱ्यातलं अन्न धरून वालाच्या मुळाला भरवतात आणि मूळ त्यांना गोड रस पाजतं. काही मुळांच्या तोंडाशी पहाऱ्याला बसतात, कुजवणाऱ्या बुरशीला आत येऊ देत नाहीत. काहींना दुसरे बारीक जीव खातात, आणि त्या खाणाऱ्यांच्या पोटातून जे पडतं त्यावर तुमचं भात वाढतं. मी त्यांना पोटात घालून एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे नेतो. जन्मभर तेवढंच काम केलं."

"ते जीव गाठी करतात," आक्का म्हणाली.

"गाठी करतात. त्यांचं घरच ते."

"तुला तर डोळेसुद्धा नाहीत. तू मला काय शिकवणार?"

"म्हणून तर मी त्यांना ओळखतो, बाई," गांडूळ म्हणालं. "डोळ्यांनी ते कुणालाच ओळखता येत नाहीत."

आक्काचा हात थांबला. पण वारा फिरला होता. शेजारच्या वावरातला जाळ बांध ओलांडून आला, आणि गांडूळ पुढे काय म्हणालं ते कुणाला ऐकू आलं नाही.

त्या पावसाळ्यात भात असं वाढलं की तसं कधी वाढलं नव्हतं. राखेचा जोर होता तो. हिवाळ्यात वालही गुडघाभर झाला. आक्काने भीत भीत एक रोप उपटलं. मुळं पांढरीशुभ्र, धुतल्या तांदळासारखी. एकही गाठ नाही. गावाने आक्काला लुगडं दिलं. पाटील म्हणाले, "आक्का, दुसऱ्यांदा वाचवलंत."

दुसऱ्या वर्षी राख संपली. वालाची पानं पिवळी पडली. खालून कुजून रोपं आडवी झाली, कारण मुळांच्या तोंडाशी आता पहाऱ्याला कुणी नव्हतं आणि बुरशीला दार उघडंच होतं. गाव म्हणालं, भाजणी कमी पडली. पुन्हा भाजलं.

तिसऱ्या वर्षी वाल उगवून वीतभर झाला आणि तिथेच थांबला. फुलं आली नाहीत. गुरांना वेल मिळेनात, तशी गाईंची दुधं आटली. पावसाने वावरातली माती पिठासारखी वाहून नेली, कारण तिला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. गावात खायला फक्त पेज होती, आणि तीही पातळ होत चालली.

आवडी आठ वर्षांची झाली होती. आधी ती खेळायची थांबली. मग तिचे काळेभोर केस तांबूस, विरळ झाले. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र फुगलेलं. मग पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

आक्काने तिची मान चाचपली. काख चाचपली. जांघ चाचपली. कुठेच गाठ नव्हती. तिने पुन्हा पहिल्यापासून चाचपलं. तिला गाठ सापडली असती तर काय करायचं ते ठाऊक होतं. गाठ नव्हती, आणि मूल डोळ्यांसमोर चाललं होतं.

"आज्जे, गुदगुल्या होतात," आवडी क्षीण आवाजात म्हणाली. आक्काने हात काढून घेतला.

मग ती उठून डोंगराच्या कडेच्या वावरात गेली. गुडघे टेकून तिने हातांनी माती उकरली. मूठभर, मग कोपरापर्यंत. एक मुंगी नाही, एक किडा नाही. तिने माती नाकाशी नेली. मातीला वासच नव्हता. वैदिणीचा जन्म मुळ्या हुंगण्यात गेला होता. वास गेलेल्या मुळीत गुण उरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती उठून घरी आली, आवडीला पाठीशी बांधलं आणि डोंगर चढायला लागली.

डोंगरापलीकडे सगळी वावरं वालाच्या फुलांनी भरली होती. साळू दारातच होती. तिच्या कडेवर एक गुटगुटीत पोरगं होतं. आक्काला पाहून ती चपापली. तिला बोलायला बरंच होतं, तीन वर्षं साठलेलं. पण तिची नजर आक्काच्या पाठीकडे गेली, आणि तिने कडेवरचं पोर खाली ठेवून आवडीला घेतलं.

"पाय धुवायचे का?" आक्काने विचारलं.

"आमच्याकडे तसला नियम नाही," साळू म्हणाली. तेवढंच एक ती टोचून बोलली.

साळूने वालाचं कढण केलं आणि आवडीला मांडीवर घेऊन चमच्या चमच्याने पाजलं. आवडीने ओठ चाटले.

"आज्जे, हे आपल्याकडे का नाही आता?"

साळूने मान फिरवली. आक्का खोटं बोलली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "मी जाळलं, बाळा."

"का?"

"तुला काही होऊ नये म्हणून."

"बरं," आवडी म्हणाली आणि तिने आणखी एक चमचा मागितला.

तो एवढाच घास तिच्या वाट्याला होता. उपाशी शरीराला उशिरा आलेलं अन्न पेलत नाही. तिसऱ्या दिवशी, सकाळचं ऊन उंबऱ्यावर यायच्या वेळी, आवडी साळूच्या मांडीवरच गेली.

आक्का रडली नाही. आवडीला माती देऊन परतल्यावर ती म्हणाली, "साळू, माझ्या गावात अजून बावीस पोरं आहेत."

साळूने टोपली आणली. वालाच्या मुळांजवळची ओली, काळी माती तिने गाठीभरल्या मुळांसकट टोपलीत भरली आणि वर पळसाची पानं झाकली. "ऊन लागू देऊ नका," ती म्हणाली. "उन्हाने ते मरतात."

शिवेवर पहाऱ्याची माणसं उभी होती. त्यांनी आक्काला ओळखलं आणि खजील होऊन तिच्यापुढे पाण्याची घागर ठेवली. "आक्का, माती बाहेर टाका. तुमचाच नियम आहे."

"माझाच," आक्का म्हणाली. "आणि मीच सांगते, मी चुकले. पाटलांना बोलवा. सगळ्यांना बोलवा."

गाव शिवेवर जमलं. आक्काच्या पाठीवर कुणी नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच विचारलं नाही.

"एका गाठीने माझी लेक नेली," आक्का म्हणाली. "दुसरी गाठ माझ्या नातीला पोसत होती. मी फक्त आकार पाहिला. मला सांगणारी माणसं आली, मी त्यांना हाकललं. आता ही माती आत येऊ द्या. मला नका येऊ देऊ हवं तर."

पाटलांनी घागर लाथेने पालथी केली.

माती आत आली. पण मुलांनो, जाळायला एक चैत्र पुरतो आणि जगवायला तेवढा पुरत नाही. एक टोपली माती आणि गावभरची वावरं. आक्का प्रत्येक बीजाच्या खळग्यात चिमूटभर माती घालायची, वर ओला पाला झाकायची. पहिल्या वर्षी एका कोपऱ्यातला वाल हिरवा राहिला. तिने त्या कोपऱ्याची माती दुसऱ्या कोपऱ्यात नेली. साळू आणि तिचा नवरा परत आले, येताना आणखी टोपल्या घेऊन आले. दरम्यान बावीसपैकी सहा पोरं गेली. कितीतरी घरं दरी सोडून निघून गेली ती परतली नाहीत.

पाचव्या हिवाळ्यात सगळ्या वावरांत शेंगा धरल्या. गावाने पंगत मांडली. आक्काने आपल्या हाताने वाल शिजवला आणि आपल्याच हाताने पोरांना वाढला. पोरं आता पोरं राहिली नव्हती. कुणाला मिसरूड फुटत होतं, कुणी आईच्या खांद्याला लागली होती. आक्का एकेका पोरीच्या पानापाशी थांबायची, तोंडाकडे बघायची, मग पुढे जायची.

पंगत उठल्यावर तिने साळूला विचारलं, "माझी आवडी आता केवढी झाली असती गं?"

साळूने थोडा विचार केला. मग आपला तळहात जमिनीला समांतर धरून आपल्या खांद्याशी आणला. "एवढी," ती म्हणाली. "एवढी तरी नक्की."

आक्का त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. साळूचा हात भरून आला, तरी तिने तो खाली घेतला नाही.

तात्पर्य: जे आपल्याला दिसत नाही आणि कळत नाही, त्याला वैरी ठरवण्याआधी ते कुणाकुणाला जगवतं आहे हे विचारावं.